धाकटीने काढून घेतलेलं चित्र

आईचं चित्र काढून घ्यायची टूम धाकटीची. ती राहायची दूर, विमानानेच जावं लागेल इतकी. तिच्या नव्या घराच्या दिवाणखान्यात एक भिंत मोकळी होती. तिथे दुकानातलं छापील काही नको, फोटोवरून काढलेलंही नको, असं तिने ठरवलं. तिने एक चित्रकार बाई शोधून काढल्या, त्यांच्याशी परस्पर सगळं बोलून घेतलं आणि मग ताईला फोन केला. आईने दर गुरुवारी दुपारी दोन तास बाईंसमोर बसायचं, असे नऊ-दहा गुरुवार. "नेशील ना गं तू?" तिने विचारलं.

नेणार ताईच. वडील गेल्यापासून अकरा वर्षं आई तिच्याकडे होती. ताईचं औषधांचं दुकान होतं. आईच्या गोळ्या, डोळ्यांतले थेंब, गुडघ्याचा पट्टा, सगळं तिला तोंडपाठ. धाकटी मात्र वर्षातून एकदा यायची, आईच्या गळ्यात पडायची, आणि आई पुढे महिनाभर तिचंच कौतुक सांगत बसायची. ताई हसून ऐकून घ्यायची. पोटात दुखायचं, पण ते कुणाला दाखवायचं?

बाईंची काम करायची खोली एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. मोठी खिडकी, रंगांचा आणि तेलाचा वास, मध्ये एक हातांची खुर्ची. बाईंनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, घरचं माणूस समोर असलं की बसणाऱ्याचा चेहरा आवळतो, तेव्हा ताईंनी बाहेर बसावं. बाहेर म्हणजे जिन्याजवळच्या बाकावर. दार काही नीट लागत नव्हतं.

आई अर्ध्या तासात कंटाळेल, घरी चल म्हणेल, अशी ताईची खात्री होती. पण आतून हसू ऐकू आलं. दुसऱ्या गुरुवारी आई बाईंना "अगं पोरी" म्हणू लागली. तिसऱ्या गुरुवारी सकाळीच तिने कपाटातून चार साड्या काढून पलंगावर मांडल्या. ताईने दवाखान्यात न्यायचं म्हटलं की तिला साडी बदलायचाही आळस यायचा.

चौथ्या गुरुवारी ताईने जे ऐकलं, ते तिला नवीन होतं. आई लग्नाआधी टेलिफोन ऑपरेटर होती, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजवर एक माणूस होता, चार वर्षं दोघं रोज लाइन जोडताना बोलत होते, एकदा त्याने भेटायला बोलावलं, आई स्टेशनवर गेली, सांगितलेल्या खुणेवरून लांबूनच त्याला बघितलं आणि न भेटताच परत आली, हे ताईला पन्नाशी उलटल्यावर, दाराच्या फटीतून कळलं.

परतताना ताईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज काय बोललात?"

"काही नाही गं, असंच," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्रंदिवस करायचं तिने, आणि आईच्या मनातलं मिळायचं एका परकीला, तेही धाकटीच्या पैशाने. पुढच्या गुरुवारी तिने गाडी बिघडल्याचं सांगितलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी बाईच तापाने आजारी आहेत असं आईला म्हणाली. बाईंना मात्र तिने आईला ताप असल्याचं कळवलं होतं.

त्याच्याही पुढच्या गुरुवारी ती दुपारी जेवायला घरी आली तर आई नव्हती. शेजारणीकडे नाही, खालच्या बागेत नाही. मग तिला सुचलं.

छापखान्याचे जिने ती धावतच चढली. आई खुर्चीत बसली होती, बाई रंगवत होत्या. आई बस बदलून आली होती, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एकटी.

"मला ताप आला होता म्हणे," आई म्हणाली.

ताई रडवेली झाली. बाई हात पुसत निमूट बाहेर निघून गेल्या.

"इथे काय आहे एवढं, आई? मी काय कमी करते तुझं?"

"कमी काहीच नाही. पण तू विचारतेस, गोळी घेतलीस का, जेवलीस का. ही विचारते, मग पुढे काय झालं."

ताईने डोळे पुसले आणि ती बाहेर बाकावर जाऊन बसली.

चित्र पुरं झालं तेव्हा ते बघायला बाईंनी तिला आत बोलावलं. आईची मान जराशी कललेली, लांबून येणारा आवाज ऐकावा तशी, आणि ओठांवर येऊ घातलेलं हसू. हा चेहरा घरात ताईने कधी बघितलेला नव्हता, आणि तो आता धाकटीच्या भिंतीवर जाणार होता. तिने बाईंना म्हटलं, हे मला द्या, दुप्पट पैसे देते.

"हे तुमच्या बहिणीचं आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी दुसरं काढीन. पण असंच येईल, हे नाही सांगता येत."

"काढा. फक्त या वेळी मी आत बसणार."

बाई नको म्हणाल्या नाहीत.

नव्या कॅनव्हासच्या पहिल्या गुरुवारी ताई भिंतीला लागून एका स्टुलावर बसली. आई ओळखपत्राच्या फोटोला बसावी तशी ताठ. अर्धा तास असाच गेला. बाईंनी दोनदा रेघ काढली, दोनदा पुसली. ताईला वाटलं, उठून बाकावर जावं, आपलं काम तेवढंच.

ती उठली नाही. "आई," ती म्हणाली, "तो स्टेशनवर उभा होता, तर तू भेटली का नाहीस?"

आईने चमकून तिच्याकडे बघितलं. "ऐकत होतीस होय?"

"हो."

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "आवाज त्याला शोभत नव्हता गं," आणि स्वतःच हसली, आणि सांगू लागली. पण सांगत होती बाईंकडे बघून, सवयीने.

ताईने स्टूल उचललं, बाईंच्या कोपराशी नेऊन ठेवलं, आणि तिथे बसून विचारलं, "मग?"