शंभर वर्षांत एक पाळणा

मरण बंद झालं तेव्हा लोक रस्त्यात नाचले. गोळी घेतली की देह चाळिशीत थांबायचा. दात तेवढे थांबत नसत, पण त्याला कोण विचारतो! पिकली पानं गळणार नसतील तर नवी पालवी फुटणार कुठे, हे सरकारला जरा उशिराच सुचलं. मग नियम निघाला: एका घराला शंभर वर्षांत एकच मूल.

अशाच एका घरातली धाकटी सून एकशे एकतीस वर्षांची. लोकांच्या सातव्या-आठव्या कवळ्या बनवायची, हात मोठा सफाईदार. घरात मात्र तिला अजून दूध तापवता येत नाही, असंच सगळे धरून चालत. तिला मूल हवं होतं, दुसरं काही नको होतं. घराची पाळी यंदा होती. ही हुकली की पुन्हा शंभर वर्षं.

तिने अर्ज आणला. नवरा म्हणाला, "बाबांना विचारू." सासऱ्यांनी आजेसासऱ्यांकडे बोट दाखवलं, त्यांनी पणजेसासऱ्यांकडे. महिनाभर सगळ्यांच्या नाकदुऱ्या काढत ती थोरल्यांपुढे, म्हणजे खापरपणजेसासऱ्यांपुढे पोचली. कागद कुठलाही असो, त्यावर नावं थोरल्यांनीच घालायची, ही घरची रीत. म्हणून आईबापांचे रकाने तिने कोरे ठेवले होते.

"ठेवून जा. चांगल्या कामाला उशीर कशाला?" थोरले म्हणाले.

तिने झबली शिवायला घेतली.

मंजुरी आली. बापाच्या रकान्यात थोरले, आईच्या रकान्यात त्यांची बायको.

"अगं, तुमचं वय काय आत्ता!" थोरल्या सासूबाई तिला समजावू लागल्या. "थोडं खेळा, बागडा. आम्हालाच पुन्हा हौस आली बघ."

नवरा पंख्याकडे बघत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण एकशे एकतीस वर्षांच्या पोरीने वडीलधाऱ्यांपुढे तोंड कसं उघडायचं!

वर्षाने मुलगा झाला. हौस दोन महिन्यांत फिटली आणि थोरली जोडी हवापालटाला गेली. रडणारं पोर धाकटीच्या मांडीवर आलं. त्याने तिचं बोट घट्ट धरलं आणि तिला भरून आलं.

"उगी रे माझ्या सोन्या, उगी..."

"सोन्या काय?" तिच्या सख्ख्या सासूबाई कडाडल्या. "चुलत पणजेसासरे लागतात तुझे! अहो-जाहो कर."

धाकटीने डोळे पुसले आणि त्याला छातीशी धरलं.

"रडू नका," ती म्हणाली. "मी तुमची धाकटी सून."