जेवतानाचं मौन

चातुर्मासात मी जेवताना बोलत नाही. चुकून बोललेच तर पानावरून उठायचं, त्या दिवशी पुन्हा अन्न नाही. मुलुंडला लग्न होऊन आले तेव्हापासूनचा नेम. आमच्या ह्यांना, विद्याधरांना, तो पाठ आहे.

म्हणूनच त्यांनी मी जेवायला बसल्यावर सांगितलं.

मी भात कालवला होता. ते बसलेच नव्हते. "आता तू बोलणार नाहीस, म्हणून सांगतो. खाडीतले मासे माझ्यामुळे मेले."

मासे मी सकाळी मोबाइलवर पाहिले होते. पांढरी पोटं वर, काठाला थरच्या थर. एक कोळीण रिकामी टोपली धरून नुसती उभी होती. वीज केंद्रातून चुकून आम्ल सुटलं, असं खाली लिहिलं होतं. हे तिथेच केमिस्ट आहेत.

"टाकीतल्या पाण्यात आम्ल उरलं नाही ना, ते तपासून मगच खाडीत सोडायचं. घाईत मी तपासलं नाही. धोंडिरामला म्हटलं, झालंय, उघड व्हॉल्व्ह."

मी घास गिळला. चव लागली नाही.

"चौकशीत विचारलं, कुणी उघडला? मी म्हटलं, धोंडिरामनं. खोटं नाही ना ते? उद्या त्याला काढतील. कंत्राटी आहे, मिळेल त्याला दुसरीकडे."

धोंडिराम ह्यांच्या हाताखालचा कामगार, वाकोल्याचा. त्याच्या मुलीच्या नामकरणाला मी झबलं शिवून नेलं होतं.

हे माझ्याकडे बघत राहिले. नुसती मान हलवली असती तरी त्यांना चाललं असतं.

"खोटंच आहे ते," मी म्हटलं.

आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. उठले, हात धुतले.

"अगं, बोललीस! जेव ना, देव काय पट्टी घेऊन बसलाय?"

"साहेबांना फोन लावा."

"नोकरी जाईल, नीलम."

"हो."

त्यांनी लावला, सांगितलं. मग फोन खाली घेतला. "अहवाल वर गेलाय म्हणतात. जेवून स्वस्थ झोपा म्हणतात."

मला रागसुद्धा आला नाही. "मग लेखी द्या. आधी धोंडिरामला सांगा."

"काय साहेब, सुट्टीला पण आठवण?" फोनच्या स्पीकरवर धोंडिराम हसत होता. मागे मुलगी काहीतरी मागत होती.

"व्हॉल्व्ह तू माझ्या सांगण्यावरून उघडलास. तसं मी लिहून देतोय."

हसणं थांबलं. "म्हणजे साहेब, माझं नाव दिलं होतं तुम्ही?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही सुचवलं नाही.

"हो," हे म्हणाले.