कासिल्दाचा गहू

ज्या घरात मरण येते, त्या घरी लोक धावून जातात. पण मरण 'तसले' असले, तर तीच माणसे तोंड फिरवतात. मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या डोंगरातल्या आमच्या गावातही असेच घडले.

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवाराला आठवडा उरला होता. त्याआधीच्या शुक्रवारी दुःखी मरिया मातेची वेदी एर्लिंदाच्या घरी मांडायची, हा नेम. तिच्या बागेतल्यासारखी जांभळी फुले साऱ्या डोंगरात कुणाकडे नव्हती. एकोणीस घरांतून वेदीसाठी कुंड्या येत होत्या. पलंगाखालच्या अंधारात उगवलेला फिकट सोनेरी, कोवळा गहू. पुरलेला दाणा उठतो तसा प्रभू उठला, हे गावाला त्या गव्हात दिसे.

कासिल्दा कुंडी घेऊन दारात आली आणि अंगणातल्या बायका गप्प झाल्या. तिच्या इसाउरोने जानेवारीत आपला जीव संपवला होता. बावीस वर्षांचा मुलगा! फादर सांगत होते, चर्च आता अशांना दूर लोटत नाही. पण गावाने फाटक अडवले आणि त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरायला लावले.

"ही कुठं निघाली कुंडी घेऊन?" त्यांच्यातली तोमासा पुटपुटली. "त्या घरचा गहू मातेच्या पायाशी? आपल्या पोरांना बाधायचं."

एर्लिंदाने हात पुढे केला नाही. "या वर्षी राहू दे, कासिल्दा. जागा नाही."

"एवढीशी तर आहे गं कुंडी. बारा दिवस गहू जपलाय."

"म्हटलं ना, जागा नाही."

कासिल्दा आली तशी परत गेली.

गुरुवारी एर्लिंदा वेदीच्या सजावटीसाठी कडू संत्री आणायला दफनभूमीत गेली. तिथले खड्डे खणणारा आणि झाडे राखणारा म्हातारा क्रिस्पीन भिंतीपलीकडे इसाउरोच्या ढिगाऱ्यावर पाणी घालत होता.

"काका, थोडी संत्री हवी होती."

"घ्या की. पण त्या झाडाची मुळं भिंतीखालून या पोराकडं आलीत. तेवढं चालत असंल तर घ्या."

एर्लिंदाचा हात फांदीवरून मागे आला. "टोमणे नका मारू, काका. त्यानं पाप केलं."

"केलं असंल. चाळीस वर्षं खणतोय मी, रोपांसाठी आणि माणसांसाठी. मातीनं कुणालाच विचारलं नाही, तू कसा आलास म्हणून. माती ज्या हातानं घडवली, त्याच हातानं देवानं स्वर्गाचं दार केलं ना? मग ते दार मातीपेक्षा कोतं कसं असंल?"

एर्लिंदा जायला वळली. म्हातारा थांबेना.

"पानाला कीड लागली तर तुम्हांला दहा पावलांवरून कळतं. मग सांगा, हा पोरगा शेवटी तुमच्या दारी आलेला मी पाहिला होता. कसा दिसत होता?"

एर्लिंदाला तो दिवस आठवला. आला होता! डोळे खोल गेलेले, कडाक्याच्या थंडीत अंगावर पातळ सदरा. 'काकी, बागेत काही काम आहे का? घरात बसवत नाही मला.' ती गुलाबांना थंडी लागू नये म्हणून मुळाशी पेंढा घालत होती. मान वर न करता म्हणाली होती, 'आता कसलं काम? वसंतात ये.' तो 'बरं' म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या मरणाची घंटा वाजली. हे तिने कुणालाच सांगितले नव्हते.

"मी गुलाब झाकत होते, काका!" ती ओरडली. "गुलाब झाकत होते!"

क्रिस्पीनने समजूत काढली नाही. "तुम्ही कुंडी परत पाठवलीत, तेव्हापासून कासिल्दा अंथरुणात आहे. मक्याच्या तोर्तियाचा तुकडा तोंडात घेतला नाही. तिलाही भिंतीबाहेरच पुरायचंय का, गावाला विचारून या. खड्डा मलाच खणायचाय."

संत्री न घेताच एर्लिंदा परतली. शुक्रवारी सकाळी तिने बागेतले एकूण एक फूल कापले आणि बायकांना सांगितले, "वेदी आज कासिल्दाच्या घरी."

"वेड लागलंय का तुला?" तोमासा म्हणाली.

"लागलं होतं. आता उतरलं."

तिच्यामागून चारच बायका गेल्या.

त्या दिवशी दारात उभे राहून विचारायचे असते, 'माता रडली का?' मग घरची बाई मातेचे अश्रू म्हणून पेलाभर सरबत देते. कासिल्दाने दार उघडले, पण दरवर्षी हसत विचारलेला हा प्रश्न आज एर्लिंदाने विचारला नाही.

"विचारा ना," कासिल्दा भिंतीला टेकत म्हणाली. "जानेवारीपासून रडतेय. आज विचारायला आलात!"

एर्लिंदा उंबऱ्यावर गुडघे टेकून बसली. पेंढा, पातळ सदरा, 'वसंतात ये'... काहीच लपवले नाही. कासिल्दाने सारे ऐकले. तिने माफ केले नाही, जवळही घेतले नाही. ती दारातून बाजूला झाली.

"सरबत नाही घरात," शेवटी ती म्हणाली. "पाणी आहे. आत या."

तिने पाच पेले भरले. मग सहावा भरला आणि स्वतः प्यायली. सहाजणींनी वेदी मांडली आणि मातेच्या पायाशी कासिल्दाचा गहू ठेवला.

कबर अजून भिंतीबाहेरच आहे. गावाचे मन इतक्या लवकर वळत नाही. पण ईस्टरच्या पहाटे त्या पाच जणींनी तिथली माती भुसभुशीत करून रोपे लावली, आणि मधोमध गुडघ्यांवर बसून कासिल्दा आळी करत होती.

बंधुभगिनींनो, झाडांसाठी वसंत देव स्वतः पाठवतो. माणसांसाठी तो पोहोचवायचे काम मात्र त्याने आपल्या हातांवर सोपवले आहे. कोमेजलेला जीव दारी आला, तर हातातले काम टाका, मान वर करा आणि आधी त्याला आत घ्या!