यादम्माला खुर्ची

माझ्या वडिलांना, दादांना, अर्धांगवायू झाला आणि माझी सगळी रजा संपली, तेव्हा अर्ध्या दिवसाच्या कामाला मी यादम्माला ठेवलं. अंघोळ घालायची, कपडे बदलायचे, भरवायचं. दुपारनंतर शेजारच्या शोभाताई लक्ष ठेवायच्या. विद्यानगरातल्या आधीच्या दोन बायका टिकल्या नव्हत्या. आता हीसुद्धा गेली, तर माझी सिकंदराबादची नोकरी गेलीच.

आणि आज ती दारातच थांबली. चपला काढेना.

"साब कामच करने नै देते, मॅडम. खुर्ची पे बैठो बोलते. कल खुद चाय बनाने उठे, गिरते गिरते बचे. गिरे तो मेरे सर पे आता. मेरेकू नक्को."

माझं डोकंच फिरलं. माझे वडील रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या आईने नांदेडकडे जन्मभर लोकांची घाण काढली, आणि भाकरी दारातूनच, वरून टाकलेली घेतली. म्हणून आमच्याकडे कामाला आलेलं माणूस खुर्चीवर बसतं, आमच्याच कपात चहा पितं. मला त्याचा अभिमानच आहे. पण ऑफिस रजा देईना आणि दादा बाईला काम करू देईनात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तशी माझी गत.

"दादा, तिला अंघोळ का घालू देत नाही तुम्ही?"

"माझ्या मायनं लई काढली लोकांची घाण. माझ्या घरात मी कुणाला काढू देणार नाही."

"मग रोज कोण काढतं?"

त्यांनी चांगल्या हाताने चादर वर ओढली.

"मी काढते, दादा. उठल्यावर, आणि ऑफिसातून आल्यावर परत. तिच्या हातांचा तुम्हाला मान आहे, माझ्या हातांचं काय? ती पगार घेऊन घरी जाईल. मी कुठं जाऊ?"

आवाज चढला. मी चढू दिला. कंटाळले होते मी.

दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तसेच म्हणाले, "अम्मा, पानी गरम करो."

यादम्माने चपला काढल्या.

मी पर्स घेऊन निघाले, तेव्हा बाथरूममधून दादांचा आवाज येत होता. अंगावर पडणाऱ्या प्रत्येक तांब्याला ते म्हणत होते, "माफ करना, अम्मा."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. जिन्यातच मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत हे ते मला एकदाही म्हणाले नव्हते.