उशीचा हिरवा

गाद्या-उशांच्या त्या कारखान्याचे मालक दोन भाऊ. थोरले गाद्या बघत, धाकटे उशा. छप्पर एकच, पण दोघांमधून विस्तव जात नसे. विक्रीचे आलेख काढायचं काम थोरल्यांच्या सुनेकडे. गादीची रेघ निळी, उशीची हिरवी. हे रंग तिने कधी ठरवले नव्हते. आलेख काढणारी लायब्ररी ते आपणहून द्यायची. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅमला जोडायचं तयार सामान. दोघे भाऊ मात्र नुसता रंग बघूनच भांडायला बसत. आलेखाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचतो कोण!

त्या दिवशी मीटिंगच्या आधी तिने लायब्ररी अपडेट केली आणि घाईघाईत आलेख तसाच पडद्यावर टाकला.

निळी रेघ जिन्यावरून घरंगळल्यासारखी खाली. हिरवी ऐटीत वर.

धाकट्यांनी खुर्ची पुढे ओढली. "दादा, काय ही गादीची दशा!"

थोरल्यांचा चेहरा उतरला, पण गप्प बसतील तर ते थोरले कसले! "अरे, माणूस एकदा घेतो नि वर्षानुवर्षं त्याच्यावरच झोपतो. मागणी कमी-जास्त व्हायचीच. त्यात कारागिरांचा काय दोष?"

"नाचता येईना अंगण वाकडं! माल चांगला असला की खपतोच. ज्याचा खपत नाही त्याने खिडकीकडची अर्धी शेड सोडावी."

त्या शेडवरून त्यांचं जुनंच भांडण होतं. आता हे दिवसभर चालणार, म्हणून सुनेने सुस्कारा टाकून आलेखाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. नवी लायब्ररी रंग अकारविल्हे वाटत होती. उ आधी, ग नंतर. निळा रंग उशीने पटकावला होता!

"बाबा... काका..." ती चाचरत म्हणाली, "रंगांची अदलाबदल झालीय. खाली आलीय ती उशी. गादी वर गेलीय."

थोरल्यांच्या मिशा हळूहळू पसरल्या.

"काय म्हणत होतास रे? माल चांगला असला की..."

धाकट्यांनी घसा खाकरला. "तसं नाही, दादा. मागणी कमी-जास्त व्हायचीच, हे तुझं म्हणणं मला पटलं."

"मलाही तुझं पटलं. अर्धी शेड!"

"पटायला उशीर केलास."

सुनेने तोंडाला पदर लावला, पण हसू फुटलंच. मग थोरलेही हसले आणि नाइलाजाने धाकटेही. शेडचं नाव त्या दिवशी पुन्हा कुणी काढलं नाही.

दुपारी तिने प्रोग्रॅममध्ये स्वतःच रंग लिहिले: गादी निळी, उशी हिरवी. तेवढ्यात काका स्टूल ओढून शेजारी येऊन बसले.

"हा माझा हिरवा नव्हे. हा डबक्यातला."

नुसतं 'हिरवा' लिहिल्यावर लायब्ररीने आपल्या मनचा गडद हिरवा दिला होता. मग जुन्या आवृत्तीतल्या रंगाचा नेमका कोड शोधणं आलं. तिने एक लावून पाहिला, दुसरा लावून पाहिला.

"अजून जरा उजळ, सूनबाई."

"काका, रंग उजळ केला म्हणून रेघ वर जात नाही हो."

"ते कळतं गं मला," काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पण पडायचंच आहे, तर निदान आपल्या कपड्यांत पडू दे."