तीनशे शेअरांची गाय

मी चेमारेत चहा कंपनीच्या तीनशे शेअरांचं प्रमाणपत्र बोलतेय. कागद असून 'बोलतेय' का म्हणते, असं विचाराल. माझ्या मालकिणीनं, ताप्लेलेई आजीनं, मला घरी आणल्या दिवशीच गाय मानून 'सामो' असं नाव ठेवलं. तेव्हापासून मी गायच आहे. दूध मात्र वर्षातून एकदाच, लाभांशाचं, तेही पेलाभर.

माझा जन्म नैरोबीच्या छापखान्यात झाला. कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा केरिचोच्या डोंगरावर पानं खुडणाऱ्या प्रत्येक बाईला एकेक प्रमाणपत्र मिळालं. आमच्याकडे नाव ठेवलेली गाय विकत नाहीत. त्यामुळे सगळ्या बायकांनी आम्हाला पत्र्याच्या पेटीत नेऊन बांधलं.

पेटीत पडल्या पडल्या माझा रुबाब वाढत गेला. रेडिओवर भाव सांगायचे, 'चेमारेत, चारशे शिलिंग!' मी शेजारच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याकडे तुच्छतेनं बघायचे. अख्ख्या बाजारात माझ्याइतकी महाग कोण आहे, असं मला वाटायचं.

मग आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी ऐंशी हजार सांगितले आणि फार थांबू नका म्हणाले. नात तेक्ला तिला आणि मला घेऊन नैरोबीला गेली. वांबुगू नावाच्या दलालानं मला उलटंपालटं करून पाहिलं. मी ऐटीत होते.

"आजी, बोर्डावर चारशे आहे, पण आज घेणारा एकच आहे. त्याला वीस हवेत."

"मग बाकीच्या दोनशे ऐंशींचं काय?" आजीनं विचारलं.

"ते एकदम टाकलेस तर भाव गडगडेल. शेवटचे शेअर कुणी एका कप चहाच्या बदल्यातही घेणार नाही."

"अरे, मग हा चारशे भाव कुणाचा?" तेक्ला चिडली.

"मागच्या महिन्यात एका मास्तरानं पाच घेतले ना, त्या पाचांचा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वांबुगूनं समजावून सांगितलं. कंपनीचे शंभर शेअर धरले, तर नव्वद परदेशातल्या मूळ मालकाकडे आहेत, आणि तो ते विकायला काढतच नाही. उरलेल्या दहांतले नऊ आमच्या डोंगरावरच्या पेट्यांत. बाजारात फिरायला उरतो एक. म्हणून कुणी पाच घेतले तरी भाव उडी मारतो आणि कुणी पन्नास विकले तर आपटतो. माझी किंमत म्हणजे न भरणाऱ्या बाजारातली किंमत होती.

"शिक्षकांच्या पेन्शन फंडवाले या शेअरांबद्दल विचारत असतात," वांबुगू म्हणाला. "पण तीनशेसाठी ते फायलीवरची धूळसुद्धा झटकणार नाहीत. दहा हजार शेअर एकत्र आण, साडेतीनशेनं घेतील."

रविवारी चर्च सुटल्यावर पानं वजन करण्याच्या शेडमध्ये बायका जमल्या. आजीनं विषय काढताच तिची मैत्रीण प्रिस्का फणकारली, "नाव ठेवलेली गाय विकायची? लाज वाटते का गं तुला?"

"वाटते की. पण ही गाय हंबरत नाही, गाभण राहत नाही," आजी म्हणाली. "तिचा रंगसुद्धा मी विसरले, प्रिस्का. आता तर तुझं तोंडही आवाजावरून ओळखते."

प्रिस्का उठून घरी गेली. मला वाटलं, रुसली. ती परत आली ती आपली पेटीच डोक्यावर घेऊन.

"निम्मे देईन, सगळे नाही. आणि डोळे उघडल्यावर पहिली मला बघायला आली नाहीस, तर बघच!"

मग एकेक करत बायका पेट्या आणायला गेल्या. दहा हजार भरले. पेन्शन फंडवाल्यांनी ते खरेदी केले, आणि त्यातले थोडे ते बाजारात विकत-घेत राहिले, तसे इतर गिऱ्हाइकंही आली. आता आमचे शेअर रोज थोडेथोडे फिरतात. भाव तीनशे चाळीसवर आलाय, पण आज विकायचं म्हटलं तर आजच घेणारा भेटतो. मी आयुष्यभर मिरवलेल्या चारशेपेक्षा हे तीनशे चाळीस खरे आहेत.

विकलेले शेअर संगणकातल्या खात्यावर गेले आणि माझ्यावर 'रद्द' असा शिक्का बसला. वांबुगूनं आठवण म्हणून मला परत पाठवलं. आलेल्या पैशांत डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि पट्टी निघाल्यावर आजी आधी प्रिस्काकडे गेली. तिच्या सुरकुत्यांना मनसोक्त हसून घरी आली आणि मला उजेडात धरलं.

"अगंबाई! एवढीशीच होतीस होय?"

मला वाईट वाटलं, पण ती खरंच सगळं पाहत होती, हे कळून आनंदही झाला. तिनं माझी घट्ट गुंडाळी केली आणि आम्ही दूध आंबवायला ठेवतो त्या पोकळ वाळक्या भोपळ्याच्या तोंडात बूच म्हणून बसवली.

आता प्रिस्का येते, तेक्ला येते, शेजारच्या बायका येतात. दिवसातून दहादा मी या हातातून त्या हातात जाते. अंगाला आंबट दुधाचा वास येतो. तुमच्या पेटीत माझी एखादी बहीण ऐटीत पडून असेल, तर तिला एकदा उजेडात काढा आणि विचारा, 'बाई गं, तुला घेणारं कुणी आहे का?'