पाळेवरचा म्हसोबा

आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते. सटवाजी. ज्या माणसाने एका लिंबाच्या झाडापायी सगळं गाव अडकवून ठेवलं, त्याचं नाव तरी लोकांना कळू दे.

राणीसावरगावच्या अलीकडे, आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला एक मातीचा तलाव आहे. लहानसाच, पण त्याच्या पाझरावर खालच्या विहिरी जगतात आणि विहिरींवर आमची हळद. तलावाची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा भराव, आमच्या बांधाला लागूनच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी ह्यांनी त्या पाळेच्या उतारावर, आमच्या बाजूने, कडुलिंबाचं रोप लावलं. सावलीत बसून आपली हळद बघायची, एवढीच हौस. पण रोप हातभर झालं की भिवरामायच्या शेळ्या येऊन शेंडा खाऊन जायच्या. शेळ्यांना बोलून उपयोग नाही आणि पलीकडच्या आळीतल्या त्या म्हातारीला बोलायची कुणाची छाती नाही. मग ह्यांनी एक दिवस नाल्यातला गोल दगड आणला, त्याला शेंदूर फासला आणि रोपाच्या बुडाशी मांडला. ‘म्हसोबा हाय,’ म्हणून गावात सांगितलं. घरी येऊन मात्र पोट धरून हसले. मीही हसले.

शेळ्या यायच्या थांबल्या. पहिला नारळ भिवरामायनेच फोडला. पुढे तिला नातू झाला तेव्हा तिने तिथेच नवस फेडला. कुणीतरी फांदीला घंटा बांधली. वर्षाला भंडारा सुरू झाला. झाडाने घेर धरला आणि आमच्या घरचा म्हसोबा बघता बघता गावाचा झाला.

यंदा मे महिन्यात सरकारी इंजिनियर अर्पिता मॅडम तलाव तपासायला आल्या. वयाने लहान, उन्हाने लाल झालेल्या, पण सगळी पाळ पायी चालल्या. तलावात अजून पाणी होतं. लिंबाच्या खाली, पाळेच्या पायथ्याशी माती ओली लागली. मॅडमनी उकिडवं बसून ती बोटांनी दाबून बघितली.

‘मावशी, हे झाड काढावं लागेल,’ त्या मला म्हणाल्या. ‘मुळं पाळेत शिरलीत. त्यांच्या कडेकडेने पाणी वाट काढतंय. मुळासकट काढून खड्डा थराथराने दाबून भरू.’

‘आन् न्हाई काढलं तर?’

‘तर मी तलाव भरू देणार नाही. जादा पाणी वाहून जातं तो सांडवा खाली घेऊन पाणी निम्म्यावरच ठेवावं लागेल. भरलेला तलाव फुटला तर पहिलं घर तुमचं आहे.’

पोरगी खरं बोलत होती, तिचा मला राग आला नाही. राग आला तो गावाचा. तलाव निम्मा राहिला तर हळद जळणार हे सगळ्यांना कळत होतं, पण कुऱ्हाड घ्यायला कुणी तयार होईना. सरपंच व्यंकटराव म्हणाले, ‘देवाच्या झाडाला हात कोन लावंल?’ पालमहून जेसीबीवाला आला. त्याने शेंदूर बघितला, चहा घेतला आणि आल्या वाटेने परत गेला. पाऊस तोंडावर आला तरी लिंब जागच्या जागी.

एका सकाळी न्याहारीला मी विषय काढलाच. ‘सांगून टाका की, त्यो दगड तुमीच आणलाय म्हणून.’

हे भाकरी मोडायचे थांबले. ‘कसं सांगू? भिवरामाय दर आइतवारी नातवाला घिऊन तिथं जायलीय. तिला काय म्हणू, तुझ्या शेळ्यांसाठी बुजगावणं ठिवलं व्हतं?’

‘मंग जळू द्या हळद.’

‘आन् मला बी भ्या वाटायलंय,’ हे हळूच म्हणाले.

‘कुणाचं?’

‘त्याचंच. म्हसोबाचं.’

मी कपाळावर हात मारून घेतला. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि हसू आलं नाही. इतकी वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी तिथे दिवा लावत होता. दगड थट्टेने मांडला असेल, दिवा काही थट्टेचा नव्हता. मला त्यांची माया आली.

शेवटी हेच उठले. आम्ही दोघं भिवरामायच्या अंगणात गेलो. ती करडांना पाला टाकत होती. हे पायरीवर टेकले, घसा खाकरला.

‘माय, त्या म्हसोबाचं एक सांगायचं व्हतं. त्यो... मी...’

‘तू आणलास,’ म्हातारी म्हणाली. ‘ठाऊक हाय मला. तू शेंदूर लावायलास, तवा मी पाळेच्या पलीकडंच शेळ्या चारायले व्हते.’



‘मंग नारळ कशापाई फोडलास?’ मी विचारलं.

‘कुणी आणल्याबिगर कुठला देव आलाय का गं? देवळात जायचं म्हणलं तर माझ्या शेळ्या कोन बघणार? जलमभर लांबूनच कळस बघितला मी. ह्यो एकटा माझ्या चराईच्या वाटंवर आला.’

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘पर आता हलवायचा कसा? कोपला तर?’

‘आणलास तवा कोपला का? ज्यानं बसवला त्यानंच उठवावं. दुसऱ्याचं काम न्हाई त्ये.’

दुसऱ्या दिवशी ह्यांनी आंघोळ केली, कोरं धोतर नेसलं आणि दगड डोक्यावर घेतला. पुढे भिवरामाय, आणि तीच निघाली म्हटल्यावर मागे सगळं गाव. सांडव्याच्या पलीकडे, पाळेपासून लांब, कडक मुरमाच्या उंचवट्यावर म्हसोबा बसला. मग जेसीबी परत आला. झाड पडलं तेव्हा हे तिकडे फिरकले नाहीत. मॅडम मात्र शेवटचा थर दाबून होईपर्यंत उन्हात उभ्या होत्या.

श्रावणात तलाव काठोकाठ भरला. मॅडम पुन्हा आल्या आणि पाळेच्या पायथ्याशी बसून त्यांनी माती दाबून बघितली. कोरडी होती. ‘आता निवांत झोपा मावशी,’ म्हणाल्या. आमच्या विहिरीत काठावरून हात बुडेल इतकं पाणी आलं होतं आणि हळद कमरेला लागत होती. मी खूश होते, दुसरा शब्द नाही.

जाताना मॅडम सांडव्यापलीकडच्या म्हसोबापाशी थांबल्या. भिवरामाय तिथे शेळ्या सोडून बसली होती. मॅडमनी पायातले बूट काढले, हात जोडले आणि ह्यांना विचारलं, ‘काका, किती जुना आहे हो हा देव?’

भिवरामायने मान वर केली नाही. ह्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

‘लय जुना हाय,’ हे म्हणाले.

ते खोटं बोलले असं मला वाटलं नाही. मी चपला काढल्या आणि मॅडमच्या शेजारी उभं राहून हात जोडले.